एमआरआयमध्ये 'पाय-रॅड्स ३' आलं आहे. बायोप्सी करायची की थांबायचं?

रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी घरातून हा प्रश्न आला आहे. वडिलांचं वय ६६, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, धार बारीक झाली आहे, आणि गेलं दीड वर्ष रात्री जेवणानंतर 'लघवीची एक गोळी' चालू आहे. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन) ६.८ आला म्हणून एमआरआय केला. रिपोर्टमध्ये प्रोस्टेटच्या डाव्या बाजूला ९ मिलिमीटरचा भाग 'पाय-रॅड्स ३' म्हणून नोंदवला आहे आणि खाली 'क्लिनिकल कोरिलेशन' करावं, म्हणजे पेशंट तपासून रिपोर्टशी ताडून बघावं, अशी ओळ आहे. एका डॉक्टरांनी लगेच बायोप्सी सांगितली, दुसऱ्यांनी सहा महिने थांबा म्हटलं, आणि मुंबईचे नातेवाईक म्हणतात की पेट स्कॅन करून टाका, शंकाच नको. मुलाचा प्रश्न असा की यातलं नेमकं कोणाचं ऐकू?

भाऊ, सगळ्यात आधी आप्पांच्या त्या गोळीची स्ट्रिप हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. नुसती 'टॅमसुलोसिन', 'अल्फुझोसिन' किंवा 'सिलोडोसिन' लिहिलं असेल तर पीएसएच्या आकड्याला तिने काही केलेलं नाही. पण त्याच गोळीत 'ड्युटास्टेराइड' किंवा 'फिनास्टेराइड'ही असेल, तर गोष्ट पूर्ण बदलते. ही औषधं वाढलेली प्रोस्टेट आकसवतात आणि सहा महिने ते वर्षभरात रक्तातला पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. म्हणजे कागदावर ६.८ असला तरी तो १३.६ धरून विचार करावा लागतो. आपल्याकडे या जोडगोळ्या सर्रास दिल्या जातात, पेशंटला फक्त 'लघवीची गोळी' एवढंच माहीत असतं, आणि एमआरआय वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टपर्यंत तर ही माहिती पोचतच नाही. तुम्हाला भेटलेल्या दोन डॉक्टरांपैकी एकाने स्ट्रिप पाहिली असेल आणि दुसऱ्याने नसेल, तर दोघांची मतं वेगळी होण्याला तेवढंच कारण पुरेसं आहे. आणखी एक बघा. ही गोळी सुरू केल्यावर पीएसए आधी खाली गेला आणि मग पुन्हा चढायला लागला असेल, तर आकडा लहान दिसला तरी तो चढ संशयाचा असतो. गोळी सुरू होण्याआधीचा एखादा जुना रिपोर्ट घरात असेल तर तो शोधून ठेवा.

आता 'पाय-रॅड्स ३' म्हणजे काय. एमआरआयवर संशय किती आहे, हे १ ते ५ या श्रेणीत सांगण्याची ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे, सध्याची २.१ ही आवृत्ती २०१९ ची. १ आणि २ म्हणजे संशय फार कमी, ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी करायलाच हवी. ३ म्हणजे चित्रावरून ना इकडे सांगता येतं ना तिकडे. रेडिओलॉजिस्टने जबाबदारी टाळली असा त्याचा अर्थ काढू नका. चित्रात जेवढं दिसलं तेवढंच त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे. अशा पुरुषांची बायोप्सी केली तर ढोबळमानाने पाचातल्या एकाला उपचार लागेल असा कॅन्सर निघतो. केंद्राप्रमाणे आणि पेशंटच्या निवडीप्रमाणे हे प्रमाण कमी-जास्त होतं. उरलेल्यांत साधी सूज, वयानुसार आलेल्या गाठी किंवा फार सौम्य, वर्षानुवर्षं त्रास न देणारा कॅन्सर असतो. त्या एकाला चुकवायचं नाही आणि बाकीच्या चौघांना उगाच सुया टोचायच्या नाहीत, एवढंच काम आहे. ते काम साध्या, स्वस्त गोष्टींनी बरंच पुढे नेता येतं, आणि नेमक्या त्याच गोष्टी घाईत राहून जातात, म्हणून मी त्या जरा विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट पीएसए डेन्सिटी. प्रोस्टेट जेवढी मोठी तेवढा पीएसए जास्त, हे साहजिक आहे. म्हणून पीएसएच्या आकड्याला प्रोस्टेटच्या आकारमानाने भागायचं. तुमच्या रिपोर्टमध्ये मापं दिली आहेत: ५.१, ४.६ आणि ५.० सेंटीमीटर. तिन्हींचा गुणाकार करून ०.५२ ने गुणा, ६१ सीसी येतात. ६.८ ला ६१ ने भागलं की ०.११. साधारणपणे ०.१५ च्या वर गेलं की बायोप्सीकडे कल झुकतो, ०.१० च्या खाली असेल तर 'पाय-रॅड्स ३' असूनही धोका बराच उतरतो. आप्पा मधल्या पट्ट्यात आहेत. पण स्ट्रिपवर ड्युटास्टेराइड निघालं तर १३.६ भागिले ६१, म्हणजे ०.२२. मग माझ्या मते थांबण्यात अर्थ नाही. या औषधाने प्रोस्टेटचा आकारही काहीसा कमी होतो, त्यामुळे हा ०.२२ थोडा फुगलेला असणार, हे मान्य. तरी तो ०.११ समजून शांत बसण्यापेक्षा ०.२२ समजून पुढे जाणं सुरक्षित.

यात मोजमाप नीट असणं फार महत्त्वाचं. तुम्ही पाठवलेल्या सोनोग्राफीत प्रोस्टेट ४८ सीसी लिहिली आहे, एमआरआयवर ती ६१ भरते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत एवढा फरक पडतो. ४८ धरले असते तर डेन्सिटी ०.१४ आली असती, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. तेव्हा एमआरआय झालेला असेल तर मापं एमआरआयचीच घ्या, आणि रिपोर्टमध्ये आकारमान किंवा डेन्सिटी लिहिलेली नसेल तर ती लिहून मागा. हे मागायला संकोचू नका.

दुसरी गोष्ट, पीएसए पुन्हा करा. एका आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही. लघवीत जंतुसंसर्ग झाला असेल, लघवी तुंबून नळी टाकावी लागली असेल, दुर्बिणीची तपासणी झाली असेल, तर पीएसए चढतो आणि खाली यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढे दिवस जाऊ द्या, आधी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर करा, आणि रक्त त्याच लॅबमध्ये द्या, कारण वेगवेगळ्या मशीनवर आकडे वेगळे येतात. तपासणीआधी दोन दिवस शरीरसंबंध टाळायचा, हेही आप्पांना कुणीतरी मोकळेपणाने सांगायला हवं. ताप नाही, जळजळ नाही, कल्चर स्वच्छ आहे आणि तरी 'पीएसए उतरतो का बघू' म्हणून तीन-चार आठवडे अँटिबायोटिक द्यायचं, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. त्याने कॅन्सर आहे की नाही ते कळत नाही. उलट पोटातले जंतू औषधाला दाद न देणारे बनतात, आणि पुढे बायोप्सी करायची वेळ आली तर हेच जंतू रक्तात जाऊन पेशंट आयसीयूत जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट बोटाने तपासणी. आपल्याकडचे ज्येष्ठ पुरुष तिला फार लाजतात, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही ती सोडून देतात. मिनिटभराची तपासणी आहे. डाव्या बाजूला, जिथे एमआरआयने बोट दाखवलं आहे, तिथेच कडक गुठळी हाताला लागली तर डेन्सिटी कितीही असो, बायोप्सी करावी. प्रोस्टेट मऊ, सारखी, गुळगुळीत लागली तर थांबण्याच्या बाजूने एक मुद्दा वाढतो. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही डॉक्टरांच्या कागदांवर या तपासणीची नोंद मला दिसली नाही.

आता चित्रांबद्दल. प्रोस्टेटचे ढोबळ दोन भाग समजा: आतला, लघवीच्या नळीभोवतीचा, जो वयाबरोबर फुगतो, आणि बाहेरचा, गुदाशयाला लागून असलेला, जिथे बहुतेक कॅन्सर सुरू होतात. बाहेरच्या भागाचा निकाल मुख्यतः 'डिफ्युजन' चित्रांवर, म्हणजे पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या चित्रांवर ठरतो. आप्पांची शंका याच भागात आहे. इथे पाचरीच्या आकाराचा किंवा पट्ट्यासारखा, दोन्ही बाजूंना पसरलेला काळपटपणा असेल तर तो बहुधा जुन्या सुजेचा. एकाच जागी गोलसर, एका प्रकारच्या चित्रावर ठळक काळा आणि दुसऱ्यावर तितकाच उजळ असा ठिपका असेल तर तो जास्त संशयाचा. पण गुदाशयात गॅस साठलेला असला की नेमकी त्याला चिकटलेल्या भागाची डिफ्युजन चित्रं वाकडीतिकडी होतात, आणि मग बिचाऱ्या रेडिओलॉजिस्टला '३' लिहिण्यावाचून मार्ग राहत नाही. एमआरआयला जाताना पोट साफ असावं, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर त्या धातूनेही चित्र बिघडतं, ते आधी सांगावं.

म्हणून माझा सल्ला असा की एमआरआयची मूळ फाइल, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर, मागून घ्या. फिल्मवर छापलेल्या छोट्या चौकटींवरून दुसरं मत देता येत नाही. ती फाइल रोज प्रोस्टेट वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवा. '३' ही अशी श्रेणी आहे की दोन जाणकारांतही तिच्यावर सगळ्यात जास्त मतभेद होतात. अनुभवी डोळ्याखाली यातले बरेच '३' सरळ '२' होतात, काही '४' होतात. असा रेडिओलॉजिस्ट जळगावात किंवा धुळ्यात मिळाला तर उत्तम, नाहीतर फाइल मुंबई-पुण्याला पाठवता येते; आप्पांना उन्हातान्हात प्रवास करवण्याची गरज नाही. हे दुसरं वाचन नव्या एमआरआयपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आणि माझ्या अनुभवात 'पाय-रॅड्स ३' च्या पेशंटला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही.

एमआरआय कॉन्ट्रास्टचं (चित्र उजळवणारं) इंजेक्शन न देता झाला आहे म्हणून तुम्ही घाबरला आहात. इंजेक्शनचा उपयोग असतो: बाहेरच्या भागातला '३' इंजेक्शननंतर लवकर उजळला तर तो '४' धरतात. पण 'प्राइम' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले, त्यात चित्रं चांगल्या दर्जाची असतील तर इंजेक्शनशिवायचा एमआरआय महत्त्वाचे, म्हणजे उपचार लागतील असे कॅन्सर शोधण्यात कमी पडला नाही. तेव्हा चित्रं स्वच्छ असतील तर केवळ इंजेक्शनसाठी पुन्हा पैसे घालू नका. चित्रं खराब असतील तर मात्र पुन्हा करा, आणि त्याआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या.

घरचा इतिहासही विचारात घ्या. आप्पांच्या वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता का? आई-बहिणींत कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का? हा दुसरा प्रश्न पुरुषांच्या आजारात कुणाला सुचत नाही, पण काही घराण्यांत बीआरसीए-२ या जनुकातला दोष दोन्हीकडे उतरतो. उत्तर 'हो' असेल तर मी थांबण्याचा सल्ला देणार नाही. आणि आप्पांना पूर्वी क्षयरोग झाला असेल, किंवा मूत्राशयाच्या गाठीसाठी बीसीजीचं औषध आत सोडलं असेल, तर तेही सांगा. क्षयाची किंवा बीसीजीची सूज एमआरआयवर हुबेहूब कॅन्सरसारखी दिसू शकते.

पेट स्कॅनचं म्हणाल तर आत्ता नको. पीएसएमए पेट, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी उजळवून दाखवणारा पेट स्कॅन, ही चांगली तपासणी आहे. ऑस्ट्रेलियातल्या 'प्रायमरी' अभ्यासात २०२१ मध्ये दिसलं की एमआरआयला पीएसएमए पेटची जोड दिली तर महत्त्वाचे कॅन्सर निसटण्याचं प्रमाण कमी होतं. पण म्हणून ती पहिल्या शंकेलाच करायची तपासणी ठरत नाही. सुजेतही ती थोडीफार उजळते, खर्च मोठा आहे, आणि खानदेशातून त्यासाठी बहुधा नाशिक, मुंबई, सुरत किंवा इंदूर गाठावं लागतं. शिवाय पेटवर काही उजळलं तरी पक्कं निदान तुकडा काढूनच होणार. बायोप्सी एकदा 'काही नाही' आली आणि तरी पीएसए चढतच राहिला, अशा पेशंटला मी ती सांगतो.

मग निर्णय काय? स्ट्रिपवर ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असेल, किंवा बोटाला गुठळी लागली, किंवा दुसऱ्या वाचनात '४' झाला, किंवा घरात इतिहास असेल, तर बायोप्सी करा. यातलं काहीच नसेल, पुन्हा केलेला पीएसए ६.८ च्या आसपास किंवा खालीच असेल आणि डेन्सिटी ०.११ च राहिली, तर थांबायला हरकत नाही.

बायोप्सी ठरली तर ती कशी होणार हे विचारा. जुन्या पद्धतीत फक्त सोनोग्राफी बघून ठरावीक जागांहून तुकडे घेत. ब्रिटनमधल्या 'प्रॉमिस' अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवलं की अशा आंधळ्या बायोप्सीने महत्त्वाच्या कॅन्सरपैकी फक्त ४८ टक्केच सापडतात, तर एमआरआय ९३ टक्क्यांत संशय दाखवतो. पुढच्याच वर्षी 'प्रिसिजन' अभ्यासात एमआरआयने दाखवलेल्या जागेतूनच तुकडे घेतल्यावर महत्त्वाचे कॅन्सर ३८ टक्के पुरुषांत सापडले, जुन्या पद्धतीने २६ टक्क्यांत. म्हणून संशयाच्या जागेतून तीन-चार तुकडे, तिच्या भोवतालून काही, आणि बाकी प्रोस्टेटमधून नेहमीचे. जिनिंगवर कापसाची गाडी आली की ग्रेडर डाग दिसतो तिथला पुंजका बघतोच, पण गाडीच्या चार बाजूंनीही हात घालतो, तसंच हे. एमआरआय आणि सोनोग्राफीची चित्रं एकावर एक बसवणारं फ्युजन मशीन असेल तर बरं, पण ते नाही म्हणून अडू नका. एमआरआय समोर ठेवून, जागेचा नीट अंदाज घेऊन सुई मारणारा सरावाचा हात असेल तर काम चांगलं होतं. 'प्रिसिजन'मध्येही दोन्ही पद्धती चालल्या होत्या.

शक्य असेल तर बायोप्सी गुदद्वारातून न करता वृषणांच्या मागच्या त्वचेतून करणारे डॉक्टर निवडा. त्यात जंतुसंसर्गाचा धोका कमी आणि जागा बधिर करून होते. आप्पांना मधुमेह असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या गटाला दाद न देणारे जंतू सर्रास आढळतात. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. बायोप्सीनंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसेल, त्याला घाबरायचं नाही. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र त्याच रात्री दवाखाना गाठा. आणि तुकडे कोणत्या जागेचे हे लिहून वेगवेगळ्या बाटल्यांत गेले पाहिजेत. सगळे एकाच बाटलीत टाकले की एमआरआयने दाखवलेल्या जागेत काय निघालं ते कळायला मार्गच राहत नाही.

थांबायचं ठरलं, तर त्याच दिवशी पुढची तारीख ठरवून कॅलेंडरवर लिहा. दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षाने पुन्हा एमआरआय आणि दर भेटीत बोटाने तपासणी. माझी खरी काळजी इथे आहे. बायोप्सीच्या भीतीने 'कापूस वेचणी आटोपली की येतो', मग 'केळीची कापणी झाली की', मग घरातलं लग्न, असं करत फाइल कपाटात जाते. मध्ये कंबर दुखायला लागते, ती शेतातल्या ओझ्याची समजून मालिश होते, आणि माणूस परत येतो तेव्हा पायांतली ताकद गेलेली असते, कारण आजार मणक्यात उतरलेला असतो. आप्पांची कंबर रात्री झोपेतही दुखत असेल, वजन उतरत असेल किंवा पाय जड पडत असतील, तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा आणि लगेच घेऊन या.

आप्पांना हे सांगावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. सांगा. माझ्यासमोर बसलेले आप्पांच्या वयाचे बहुतेक लोक मुलगा बाहेर गेला की मला हळूच विचारतात, "डाक्टर, कॅन्सर शे का नही, तेवढं सांगा." त्यांना अंदाज आलेला असतोच. त्यांना सांगा की आज कॅन्सर सिद्ध झालेला नाही, शंका आहे, आणि ती फेडायची वाट आहे. आणि उद्या तुकड्यात सौम्य, ग्रेड ग्रुप १ चा कॅन्सर निघाला तरी ऑपरेशनची घाई नसते; अशा बहुतेकांना नियमित लक्ष ठेवूनच सांभाळतात. ब्रिटनच्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात लवकर सापडलेल्या कॅन्सरचे पुरुष पंधरा वर्षं बघितले. ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसती देखरेख, तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले सुमारे ३ टक्केच होते. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. वरच्या ग्रेडचा निघाला आणि तो अजून प्रोस्टेटमध्येच असेल, तर तो पूर्ण बरा करण्याची चांगली संधी हातात असते.

आप्पांना कॅन्सर निघालाच, तर तुम्ही आणि तुमच्या भावांनी पन्नाशीची वाट न बघता ४५ व्या वर्षापासून पीएसए करायला सुरुवात करा, आणि तो पहिला रिपोर्ट जपून ठेवा.